औषध घराला, बाईला नाही

काकीजींकडे औषध मागायला गेलेल्या बाईला त्या आधी टाचा दाखवायला लावत. नाडी नाही, जीभ नाही, डोळे नाहीत. टाचा. बाईने दुकानाच्या पायरीवर पाठमोरं उभं राहायचं, लुगडं चार बोटं वर धरायचं आणि काकीजी गादीवरून वाकून पाहणार. चष्मा होता त्यांच्याकडे, पण तो पोथीपुरता. टाचांसाठी नुसते डोळे पुरत.

मग निकाल लागे. "तू जेवते तं हाये, पन उभ्यानं जेवते." किंवा, "तुले झोप नाई." एका बाईला तर रस्त्यावरून जाणारे येणारे असताना म्हणाल्या, "तुह्याशी घरात कोनी बोलत नाई वाटते." ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. काकीजी म्हणाल्या, "पायरी सोडून रड माय, गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

मला या प्रकाराचा फार राग यायचा. मी मराठी तिसरीतून शाळा सोडलेली बाई, मला शास्त्र कळत नाही हे कबूल. पण टाचेवरून घर कळतं हे कुठल्या शास्त्रात असेल असं मला आजही वाटत नाही. आणि त्या फारशा चुकत नसत, म्हणून राग जास्तच.

मालेगावात, वाशीमच्या रस्त्यावर त्यांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. झाडपाल्याची वाळलेली मुळं, साली, बिया, फुलं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. आमचे हे कापसाच्या जिनात कारकून म्हणून लागले आणि आम्ही मालवणाकडून उठून थेट वऱ्हाडात आलो. मला तिथे सगळ्याची भीती वाटे. काळ्या मातीच्या चिखलाची, विंचवाची, मोटारीच्या भोंग्याची, पोस्टमनची. समुद्र नाही म्हटल्यावर वारा कुठून येतो तेच कळेना. मूलबाळ जगलं नव्हतं. बोलायला माणूस म्हणजे काकीजी, आणि त्यांच्याशी बोलणं म्हणजे बोलणी खाणं.

त्या जैन. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, दुकान एकटीने चालवायच्या. सगळं गाव त्यांना काकीजी म्हणे, म्हाताऱ्यासुद्धा. घरमालकीण म्हणून त्यांचे नियम मी आज मोजायला बसले तर दिवस पुरणार नाही. पाणी दुहेरी फडक्याने गाळायचं, इथवर ठीक. पण फडक्यावर जे काही राहील, डोळ्यांना न दिसणारे जीव, ते त्याच विहिरीत नेऊन सोडायचे. मोरीत टाकायचे नाहीत. विहीर काही जवळ नव्हती. रिकाम्या लोट्यात ओलं फडकं घेऊन मी रोज दोनदा तितकी वाट तुडवायची.

"काकीजी, दिसत तर काही नाही फडक्यावर."

"तुले दिसत नाई म्हनून थे नाई का? देव तरी कुठी दिसते तुले?"

दिवस मावळल्यावर त्या पाण्याचा थेंब घेत नसत. आम्हाला तशी सक्ती नव्हती. पण आम्ही दिवा लावून जेवायला बसलो की दारात येऊन उभ्या राहत, एक सुस्कारा टाकत आणि जात. हे हातातला घास पुन्हा ताटात ठेवत. आणि चहा! जिनातल्या साहेबलोकांच्या नादाने ह्यांनी चहाची पुडी आणली होती. काकीजींनी ती हुंगली, मला विचारलं, "छातीत धडधडते का व?" मी म्हटलं, "धडधडतं." पुडी त्यांच्या कमरेला गेली ती गेलीच. पुढे कळलं की त्या चहाच्या पाण्याने त्यांनी दुकानाच्या फळ्या पुसून काढल्या. रंग छान आला होता, हे मात्र खरं.

धडधडायचं ते खरंच. त्या वर्षी मला बेचाळिसावं सरत होतं. पाळी कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. पहाटे उठून बसावं तर अंगाला घामाची आंघोळ. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवू नये, आणि तेवढ्यावरून रडू यावं. ह्यांनी "पाणी दे" म्हटलं तरी मी अंगावर धावून जायची. आणि मग एकदम आतून भपका उठे, पोटापासून डोक्यापर्यंत, कोणी चुलीत बसवल्यासारखा.

भाद्रपदाच्या सुरवातीला असाच भपका उठला तो विहिरीवर. भर दुपार, उघडीप पडलेली. शेजारी गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद भरलेला होता. मला पुढचं नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी लुगड्यासकट त्या हौदात गळ्यापर्यंत बसले होते आणि फार बरं वाटत होतं. डोळे उघडले तर भोवती वीसपंचवीस माणसं.

"कोकणीच्या अंगात आलं."

"पागल झाली व बिचारी. दूरच्या मुलखातून आननं बी वाईटच."

तेवढ्यात काकीजी आल्या. लोकांना म्हणाल्या, "काय पाहून राह्यले? म्हैस बसते तवा येता का असे पाहाले?" लोक हसले आणि पांगले. मला म्हैस म्हटल्याचं मला वाईट वाटलं, पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. हौदाच्या काठावरून माझे पाय बाहेर आले होते. त्या टाचा पाहत होत्या.

"पाळी वर-खाली व्हते?"

मी मान हलवली.

"मंग पागल कायची? अंगाचा हंगाम पलटून राह्यला. ऊठ. ढोरं तहानली हायेत."

पण तोवर ह्यांच्या कानावर गेलं होतं, आणि जिनातल्या साहेबाच्याही. ह्यांनी त्या दिवशी मला न सांगता माझ्या भावाला पत्र घातलं. भाऊबीजेला ये आणि तिला घेऊन जा, बरी होईपर्यंत तिकडेच राहू दे.

ते पत्र टाकलं हे मला दोन दिवसांनी कळलं आणि मी हातातलं काम टाकून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. कारण बरी होईपर्यंत तिकडे राहणं म्हणजे काय, हे मी नऊ वर्षांची असताना पाहिलं होतं. माझी आई अशीच. एके दिवशी तिने भाताचं भांडं अंगणात फेकलं, एकदा कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली, रात्रंदिवस घराभर फिरायची. देवाला कौल लावले, भुतं उतरवणारा घाडी आणला, कोंबडे झाले. शेवटी तिला मागच्या पडवीतल्या खोलीत ठेवली आणि बाहेरून कडी घातली. चूल कोणी बघायची, म्हणून माझी पाटी गेली. वहिनी आली तरी आई त्या खोलीतच राहिली. माझ्या लग्नात तिने अक्षता टाकल्या त्या खिडकीच्या गजांतून.

आता मला तीच खोली. दुसरी होती कुठे त्या घरात?

मी काकीजींना हे सगळं सांगितलं, रडत, हुंदके देत, वाक्य अर्धं टाकत. त्या जायफळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊबीज कवा हाये?"

"दोन महिने."

"हावना. घाई करनाऱ्याचं औषध मी ठेवत नाई, पन दोन महिन्यात होते. उद्या नवऱ्याले घेऊन ये."

"त्यांना कशाला?"

"औषध मी घराले देतो. बाईले देत नाई."

हा त्यांचा नियम. घरात एकालाच औषध दिलं की घर त्याला आजारी ठरवून मोकळं होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून औषध मागणाऱ्याच्या घरात जेवढी मोठी माणसं, तेवढे पेले. सगळ्यांनी सारखं, सारख्या वेळी, आठ दिवस न चुकता प्यायचं. एकाने चुकवलं की सगळ्यांची गिनती पुन्हा एकपासून.

औषध म्हणजे आस्कंदाचं, अश्वगंधेचं, चूर्ण दुधात, थोडी शतावरी, तूप, खडीसाखर. दुसरे वैद्य मधात देत, पण मध काकीजींना वर्ज्य. आस्कंदाला घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो. दुपारी वाळा आणि जटामांसीचं पाणी. जटामांसी रात्रभर भिजत घालावी असं सगळं जग सांगतं, पण रात्रीचं पाणी काकीजींना चालत नसे, त्यामुळे सूर्य उगवल्यापासून दुपारपर्यंत जेवढी भिजेल तेवढी. झोपेचं औषध झोपताना घ्यावं, हेही मला ठाऊक होतं. पण दिवस मावळल्यावर त्या देणार नाहीत. म्हणून झोपेचं औषध दुपारी पाच वाजता! ताज्या ब्राह्मीचं विचारलं तर चातुर्मासात हिरवा पाला नको. मला कधी कधी वाटे, या बाईने औषधाचा धंदा निवडलाच कशाला?

मुळं आणायची केनवडची गंगाबाई. ही शेतकरीण, काळी कणखर, बाजाराच्या दिवशी डोक्यावर गाठोडं घेऊन यायची. मुळं उपटण्यात जीव मरतात म्हणून काकीजी स्वतः एक मूळ खणत नसत. वाळलेलं तेवढं घेत.

"काकीजी, पाप माह्यावर अन् पुन्य तुमच्यावर, हे कसं व?" गंगाबाई दर बाजारी विचारायची.

"पाप तुह्यं नाई अन् पुन्य माह्यं नाई. तू काढते थे पोटासाठी, मी तोलतो थे पोटासाठी. पुन्य असलंच तं पेनारीचं."

"मंग इचारा ना कोकणीले, लागलं का पुन्य?"

मला तेव्हा फक्त ढेकर लागले होते, तबेल्याचे.

आता आठ दिवस म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण अष्टमी आणि चतुर्दशीला काकीजींचा उपास. त्या दिवशी त्या खलबत्त्याला हात लावत नसत. त्यामुळे सलग आठ दिवस बसायचे ते एकाच जागी, चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसापासून सप्तमीपर्यंत. पंधरवड्यात एकदाच ती फट. चुकली की थांबा पुढच्या चतुर्दशीपर्यंत. मधल्या काळात औषध चालूच राही, पण ते गिनतीत नाही. "थे नुसतं पोटात गेलं," असं म्हणत.

पहिली फट अनंत चतुर्दशीनंतरची. ह्यांनी चार दिवस तोंड वाकडं करून घेतलं. पाचव्या दिवशी दुपारी काकीजींनी आमच्या मोरीकडे पाहिलं आणि ओरडल्या. मला वाटलं साप. मोरीत मुंग्यांची रांगच्या रांग आणि खाली पांढुरक्या पाण्यात शेकडो तरंगणाऱ्या. ह्यांनी पेला तिथे ओतला होता. खडीसाखरेला मुंग्या आल्या आणि दुधात बुडाल्या.

औषध वाया गेलं त्याबद्दल काकीजी एक शब्द बोलल्या नाहीत. मऊ धोतराची चिंधी मागवली, मोरीपाशी बैठक मारली आणि एक एक मुंगी टिपून कोरड्या जागी ठेवू लागल्या. हे खालमानेने उभे.

"रावसाहेब," काकीजी म्हणाल्या. ह्यांच्यावर चिडल्या की त्या रावसाहेब म्हणत. "एवढे जीव तुमी बायकोचं औषध पेले नाई म्हनून गेले. बसा आता खाली. तुमचे डोळे तरने हायेत."

जिनातले कारकून, कोट घातलेले, संध्याकाळ होईपर्यंत मोरीपाशी उकिडवे बसून मुंग्या टिपत होते. मला हसू फुटलं. किती महिन्यांनी फुटलं कोण जाणे. ह्यांनी वर पाहिलं, आणि रागावतील असं वाटलं तर तेही हसले. काकीजी म्हणाल्या, "हसा. गिनती गेली तुमची."

दुसरी फट सर्वपित्री अमावास्येपासून. हे आता निमूट पीत होते. पण पंचांगात षष्ठीचा क्षय निघाला आणि आठाचे झाले सात.

"काकीजी, यात आमचा काय दोष?" हे म्हणाले. "तिथीच नाही तर आम्ही काय करणार? हा पंचांगाचा दोष."

"मंग पंचांगाले बी पाजा."

मी त्या दिवशी पेला आपटला. म्हटलं, मला नको तुमचं औषध, नको तुमची गिनती, माझा भाऊ येऊन मला कोंडायला नेणार आणि तुम्ही तिथ्या मोजत बसा! सगळं दुकान ऐकत होतं. काकीजींनी पेल्याचा पोचा बोटाने दाबून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "मागच्या महिन्यात आपटला असता तं रडली असती. आता भांडून राह्यली. बरं हाये."

तिसऱ्या फटीत ह्यांना कामासाठी वाशीमला मुक्काम पडला. गिनती गेली.

पण एक सांगायला हवं. गिनती जमत नव्हती तरी मी झोपायला लागले होते. पाच तास, कधी सहा. भपके थांबले नाहीत. ते पुढे दोन वर्षं येत राहिले. पण भपका आला की आता मी घाबरत नसे, बसून घेई. मी एकदा विचारलं होतं, हे औषधाने जाणार की नाही ते एकदाचं सांगा. तर म्हणाल्या, "हे औषध नाई, टेकू हाये. भिंत पडून नाई राह्यली, वारा सुटला हाये. टेकू लावाचा, वारा गेला का काढून घ्याचा." हेच आधी सांगितलं असतं तर माझा किती घोर वाचला असता! पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर उलट विचारायचं, ही त्यांची रीत.

चौथी फट दिवाळीची. अमावास्या एक, पाडवा दोन, आणि भाऊबीजेला, तिसऱ्या दिवशी, माझा दादा अकोल्याहून मोटारीने उतरला. केस पार पिकलेले. बोट, आगगाडी, मोटार करून आलेला, तरी येताना माझ्यासाठी सोलं, घरची आमसुलं, घेऊन आला होता. मी त्याला ओवाळलं. तो माझ्या तोंडाकडे असा निरखून बघत होता, जसं घाड्याबरोबर उभा राहून आईच्या तोंडाकडे बघायचा. निरांजनाचं तबक माझ्या हातात थरथरलं आणि मला वाटलं, झालं, हे त्याने पाहिलं.

"परवाच्या मोटारीन निघाया," तो ह्यांना म्हणाला.

पाच वाजता काकीजी तीन पेले घेऊन आल्या.

"माका कित्याक?" दादा दचकला.

"मला कशाला, असं विचारतो," मी सांगितलं.

"घरात आला थो घरचा. घरचा थो पेनार. आज, अन् सप्तमीवरी."

दादाने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "प्या. माझं ऐका, प्या. मोरीत ओतू नका."

दादा प्याला. परक्या घरी वाद नको म्हणून. दुसऱ्या दिवशीही प्याला. तिसऱ्या दिवशी, जायच्या दिवशी, मोटार भोंगा वाजवून निघून गेली तरी हा पांघरुणात. ऊन अंगणात आलं तेव्हा उठला, डोळे चोळत, गोंधळलेला. "माका जाग कशी इली नाय?" असं तीनदा म्हणाला. मला आठवेना, दादाला मी कधी उन्हं येईपर्यंत झोपलेला पाहिला होता.

त्या दिवशी काकीजींनी त्याला पायरीवर उभं केलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गावचा मानकरी, धोतर वर धरून पाठमोरा उभा. रस्त्यावरून बाजाराला आलेली गंगाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"हा मानूस रातभर उभा राह्यते," काकीजी म्हणाल्या.

दादा वळला. त्याचं तोंड एकदम उतरलं. मला वाटलं रागावला. पण तो पायरीवर बसला आणि खाली बघत बोलला, "आवशीच्या दाराकडे. रातचो दोनदा-तीनदा जातंय. हालता का नाय ता बघूक."

आईच्या दाराशी जातो, ती हलते का बघायला, एवढं मी काकीजींना मराठीत सांगितलं. तीस-बत्तीस वर्षं हा माणूस रात्री उठून त्या कडीशी जात होता. मला कधी कळलं नव्हतं. मी त्याला कडी घालणारा म्हणूनच ओळखत होते.

काकीजींनी त्याला विचारलं, "झालं तवा तिचं वय किती?"

दादा बोटं मोजायला लागला. त्याचं लग्न, पहिला मुलगा, मोठ्या वादळाचं वर्ष. "चाळीस-बेचाळीस," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अन् आता?"

"सत्तर पार."

"आता काय करते? आरडते? भांडी फेकते?"

"नाय गे. गप बसान असता. तांदूळ निवडून देता. नातवांका गजाली सांगता, खिडकेतसून."

"मंग दाराले कडी कायले?"

बाजाराच्या बैलगाड्या जात होत्या. दादा गाड्यांकडे बघत म्हणाला, "कडी... ती तशीच रवली."

तशीच राहिली. कोणी काढायची राहिली, एवढंच. हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. काकीजींना कळलं होतं.

दादा हात जोडून म्हणाला, "तिच्यासाठी पुडी देया. काय लागात ता देतंय."

आणि इथेही या बाईने नाहीच म्हटलं. कुणाला नाही म्हणायचं, कधी म्हणायचं, काही पोच? "नाई. सत्तर वर्साच्या बाईले हे कायले? तिचा हंगाम कवाचा सरला. तिले औषध नको. तिले चूल द्या."

सप्तमीला आमची गिनती पुरी झाली. पहिली आणि शेवटची. काकीजींनी तीन रिकामे पेले उलटे करून पाहिले आणि घेऊन गेल्या.

अष्टमीला मी दादाबरोबर निघाले. मला कोणी नेत नव्हतं, मीच जाते म्हटलं. तरी मोटारीत चढताना मी एक पाय खालीच ठेवून थांबले. त्या घरात आत गेल्यावर दादाचं मन फिरलं तर? हे मोटारीशी उभे होते. म्हणाले, "महिन्याभरात येशील ना? नाहीतर ती बाई मला एकट्याला पाजत बसेल." मी येते म्हटलं.

घरी गेल्या गेल्या दादाने कडी काढली. नुसती उघडली नाही, पहारीने खिळ्यांसकट उपटून काढली. आई आत तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "दार मोडलंस काय रे?" बाहेर यायला तिने तीन दिवस घेतले. वहिनीने काड्यांची पेटी तिच्या हातात दिली तेव्हा वहिनीचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. वहिनीला मी दोष देत नाही. तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

आई चुलीपुढे बसली, फुंकर घातली, आणि तिचं पहिलं वाक्य असं, "ही कोणी बांधली चूल? धूर सगळो तोंडार येता." मग तिने कुळथाची पिठी केली. हात अंदाज विसरला होता, मीठ दुप्पट पडलं. दादाने मान खाली घालून भात कालवला, सगळं संपवलं आणि पान पुढे केलं, "आये, आणखी वाढ."

महिन्याने मी मालेगावला परत आले. काकीजींना सगळं सांगितलं. कडीचं, वहिनीच्या हाताचं, दादाच्या पानाचं. मला वाटलं होतं, त्यांना भरून येईल, निदान एक शब्द चांगला बोलतील. त्या म्हणाल्या, "काय रांधलं म्हनते तिनं?"

"कुळथाची पिठी."

"कशी करते?"

मी सांगितलं. लसणाची फोडणी, मिरची, आमसूल, कुळथाचं पीठ पेरायचं आणि ढवळत राहायचं. लसूण ऐकून त्यांनी नाक मुरडलं, लसूण त्यांना चालत नाही. विषय संपला असं वाटून मी माझ्या खोलीत गेले. कुळीथ त्यांच्या दुकानात असे, पण मुतखड्याचं औषध म्हणून. दुपारी जात्याचा आवाज आला. चारच्या सुमाराला त्या वाटी झाकून घेऊन आल्या, दारात न थांबता आत आल्या आणि माझ्यापुढे ठेवली.

"तुह्या मायची पिठी. लसनाबिगर. पाह्य जमली का."

त्या समोर मांडी घालून बसल्या. मी भात घेतला. पिठीत गुठळ्या होत्या, आमसुलाच्या जागी चिंच होती, आणि कुळीथ इतका कमी भाजलेला की पीठ दातांखाली कच्चं लागत होतं.

"जमली का व?"

जमली नव्हती. मी दोनदा घेतली.